भावोजींनी आवळलेला कॉम्प्युटर

देवाने माणसाला दोन हात कशासाठी दिले, याविषयी साधुसंतांनी बरंच काही सांगून ठेवलं आहे; पण माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांचं मत साऱ्या संतांहून वेगळं आणि फार पक्कं होतं. हात आवळण्यासाठी दिले आहेत. जगात जे जे म्हणून फिरतं ते ते उजवीकडे फिरेल तेवढं फिरवावं, आणि फिरायचं थांबलं की आणखी एकदा फिरवावं, एवढंच त्यांचं अध्यात्म. मालवणच्या बंदरावर तीस वर्षं ट्रॉलरांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. "एक आटो आपलो, एक आटो दर्याचो," असं ते म्हणायचे. पहिला पीळ आपल्या समाधानासाठी, आणि त्यावरचा जादा पीळ समुद्रासाठी, कारण बाहेर गेल्यावर लाटा सगळं सैल करतात. तत्त्व म्हणून हे उत्तमच आहे. अडचण एवढीच की दर्याचा आटा ते लोणच्याच्या बरणीलाही द्यायचे. एका चतुर्थीला मुंबईचे आठ पाहुणे पानांवर बसले आणि बरणीचं झाकण काही केल्या उघडेना. पाहुण्यांतला एक जण व्यायामशाळेत जाणारा होता, त्याचाही चेहरा लाल झाला. शेवटी बंदरावर निरोप धाडून भावोजींना बोलवावं लागलं, तोपर्यंत वरणभात निवून गेला होता. माझ्या चष्म्याची सैल झालेली काडी त्यांनी एकदा आपणहून, प्रेमाने, आवळून दिली. नवी काच कुडाळहून बसवून येईपर्यंत चार दिवस मी कचेरीतले कागद नाकाला लावून वाचत होतो.

आवळण्याच्या खालोखाल त्यांची भक्ती ग्रीसवर. समुद्राकाठची खारी हवा लोखंड खाते हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं, आणि जो तो आपापल्या परीने खोबरेल नाही तर ग्रीस चोपडत असतो. पण भावोजींच्या दृष्टीने ही हवा म्हणजे चोवीस तास घराभोवती घिरट्या घालणारा वैरी होता. पिवळ्या ग्रीसचा एक डबा त्यांच्या हाताशी कायम उघडा असायचा. दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, किल्ल्या, विळी, अक्काची ट्रंक, देवघरातली घंटा, सगळ्यांना वर्षातून दोनदा लेप. पोस्टमन अंगणात सायकल लावून पत्र द्यायला पडवीत यायचा, तेवढ्या वेळात सायकलच्या चेनला ग्रीस लागलेलं असायचं. बिचारा खाकी पॅंट वर दुमडून यायला शिकला. कुणी वैतागलं तर भावोजी हसून त्याच्या तोंडाकडे बघायचे, "व्हय, व्हय" म्हणायचे आणि डब्यात पुन्हा बोट घालायचे.

हे "व्हय, व्हय" मात्र माझ्या डोक्यात जायचं. मी तहसील कचेरीतला कारकून. हळू, नेमकं आणि शुद्ध बोलण्याची मला सवय, आणि ती घरीही सुटत नाही. चार घरं सोडून आम्ही राहायचो, रोज संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत बसायचो, आणि पंधरा वर्षांत या माणसाने माझा एकही सल्ला मनावर घेतला नव्हता. आपण समजावून सांगावं, त्यांनी आपल्याकडे टक लावून बघावं, गोड हसावं, मान डोलवावी, आणि मग उठून नेमकं उलट करावं. हेकट माणूस, असं मी माझ्या बायकोला सांगायचो, अक्कालाही सांगायचो. अक्का ऐकून घ्यायची आणि भावोजींचा जेटीवर न्यायचा डबा भरू लागायची. आणि वर नाटकीपणा होताच. इंजिनातला दोष शोधायचा तर इतर मिस्त्री कान देऊन ऐकतात. भावोजी हातभर लांबीचा डिसमिस काढायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. जरा वेळाने डोळे उघडून सांगायचे की तिसऱ्या सिलिंडरची झडप गेली. तीच गेलेली असायची. बंदरावरची पोरं हा खेळ बघायला जमायची, आणि मला वाटायचं, माणसाला टाळ्यांची हौस फार.

दोन हजार चार सालच्या मे महिन्यात बंदरावर एक नवा ट्रॉलर आला. त्याचं इंजिन बंद पेटीसारखं, आणि ते फक्त कंपनीच्या माणसाने उघडायचं. होडीचा तरुण मालक भावोजींना सगळ्यांच्या देखत म्हणाला की आता तुमचे दिवस सरले, यापुढे सगळं कॉम्प्युटरवर. हसत म्हणाला, पण म्हणाला. नेमकं त्याच आठवड्यात भावोजी एका मालवाहू बार्जच्या कामाला रेडी बंदरात गेले होते, आणि तिथल्या ऑफिसात एक माणूस कॉम्प्युटरचं झाकण काढून ब्रशने धूळ झटकत होता. भावोजींनी आत डोकावून पाहिलं. एक पंखा, चार वायरी, एक पत्रा. परत आले ते थेट जेटीवर गेले आणि जाहीर करून मोकळे झाले: "ह्येच्यात इंजिनापेक्षा कमी सामान आसा. नारळी पुनवेच्या आदी माज्या हातान कंप्युटर जोडून दाखयतंय. नाय जमला तर हत्याराची पेटी दर्यात टाकून घराकडे बसतंय."

ही पेटी म्हणजे भावोजी. तीस वर्षांत ती त्यांच्यापासून एका हातापेक्षा लांब गेली नव्हती. ती समुद्रात टाकली की मालवणच्या बंदरावरचा त्यांचा जन्म संपला, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद, त्यामुळे त्यांच्या हाती अडीच महिने होते. मी त्यांना शांतपणे समजावलं की तयार कॉम्प्युटर मिळतो, जोडत बसायचं कारण नाही. ते म्हणाले, "व्हय, व्हय."

कुडाळच्या एका दुकानातून सगळे भाग खोक्यांत भरून आले. पडवीत चटई अंथरली गेली. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायचे स्क्रू भावोजींनी तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांना ते खेळण्यातले वाटले असावेत. पण कामाला लागले. पहिला पीळ अगदी हलक्या हाताने दिला, मी साक्षीला आहे. मग दर्याचा आटा दिला. पहिला स्क्रू, दुसरा, तिसरा. चौथ्याला बोर्डाच्या कोपऱ्यातून 'कट' असा बारीक आवाज आला आणि एक केसाएवढी रेघ भोकापासून निघून मधोमध गेली. मी डोळे मिटले. भावोजींनी मात्र पाचव्यालाही पीळ दिला, समाधानाने हात पुसले, आणि बटण दाबून अर्धा तास वाट बघत बसले. दुकानदाराने तो बोर्ड बघितला तेव्हा त्याने विचारलं की यावरून काही गाडी वगैरे गेली का.

दुसऱ्या बोर्डाच्या वेळी त्यांनी शहाणपणा केला आणि स्क्रू माझ्याकडून बसवून घेतले. सगळं जागच्या जागी बसलं. आता फक्त बटण दाबायचं. पण नवं इंजिन पहिल्यांदा चालू करायचं ते काय नुसतं बटण दाबून? होडीवर नवं इंजिन बसलं की देवाला गाऱ्हाणं घालतात, नारळ वाढवतात, आणि त्या वेळी इंजिनाचं झाकण उघडं ठेवतात, म्हणजे देवाची नजर आतपर्यंत पोचते. भावोजींनी कॅबिनेटचं झाकण काढलं. आतल्या पंख्याला हळदकुंकू लावलं. पत्र्याच्या भोकांत दोन उदबत्त्या खोवल्या. शेजारपाजारची सातआठ माणसं उभी राहिली, आणि भावोजींनी हात जोडून खणखणीत सूर लावला: "बा देवा म्हाराजा, आज हंय जा काय नवीन यंत्र मांडलेला आसा, तेका कोनाची वाकडी नजर लागली आसली तर ती साता समुद्राच्या पलीकडे टाक म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. "आनी तेच्यातसून करंट सुरळीत जांवदे म्हाराजा." आम्ही पुन्हा म्हणालो, व्हय म्हाराजा. मीसुद्धा म्हणालो, अशा वेळी माणूस कारकून राहत नाही. मग त्यांनी नारळ उचलला आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फोडावा तसा कॅबिनेटच्या कोपऱ्यावर एका दणक्यात फोडला.

नारळ चांगला निघाला, भरपूर पाण्याचा. त्यातलं निम्मं अंगणात गेलं आणि निम्मं आत. भावोजींनी फडक्याने भराभर टिपून घेतलं. मी घाबरून म्हणालो की दोन दिवस वाळू द्या. मुहूर्त चालला होता. त्यांनी माझ्याकडे बघून गोड हसून बटण दाबलं. आतून फट् असा आवाज झाला, उदबत्तीच्या धुरात दुसरा धूर मिसळला, आणि पडवीभर गोड, जळका वास सुटला. खोबरं मात्र सगळ्यांना वाटलं गेलं. बोर्ड गेला, पॉवर सप्लायचा डबा गेला, आणि प्रोसेसर तरी वाचतो का बघायला भावोजींनी तो पक्कडीने उपटला तेव्हा त्याच्या खालच्या शेकडो बारीक पिना आडव्यातिडव्या झाल्या.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजी जाड भिंगाचा चष्मा लावून पडवीत बसले, आणि दाढीच्या ब्लेडच्या कडेने त्या पिना एकेक करून सरळ करू लागले. तो राठ, काळा, बोटं सुजलेला हात ज्या हलकेपणाने त्या सोनेरी केसांमधून फिरत होता, ते बघत मी चहा प्यायचं विसरलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या पिना सैनिकांसारख्या उभ्या होत्या. एकही तुटली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की हा माणूस जिंकावा.

तिसरा बोर्ड देताना कुडाळच्या दुकानदाराने हात जोडून सांगितलं की चौथा मागायला येऊ नका, मला बघवत नाही. आणि नेमकं तेव्हाच मला कचेरीच्या प्रशिक्षणासाठी आठ दिवस ओरोसला जावं लागलं. परत आलो तेव्हा नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. भावोजी पडवीत कॅबिनेट खोक्यात भरून सुतळीने बांधत होते. शेजारी हत्यारांची पेटी होती, आणि ती पुसून लख्ख केली होती, हे मला काही ठीक दिसलं नाही.

"झाला रे सायबा," ते म्हणाले. "तिनय बोर्ड खराब कशे आसतीत? माजे हातच खराब."

आठ दिवस ते रोज जोडत होते, रोज उकलत होते. पंखा फिरायचा, पडदा काळाच राहायचा. मी म्हटलं, मला एकदा बघू तरी द्या. सुतळी सोडली, वायरी लावल्या, त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. आणि यंत्रातून एक लांब, केविलवाणी शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली. पुन्हा. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या कचेरीतला कॉम्प्युटर पावसाळ्यात रॅमची पट्टी दमट झाली की असाच ओरडायचा. मी माझ्या नेहमीच्या सुरात भावोजींना म्हणालो की तो वाजतोय, त्याचं काय दुखतंय ते तो सांगतोय. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं, हसले, आणि म्हणाले, "व्हय, व्हय."

मी चिडून विचारलं की मग ऐकू येत असून असे बसलात कसे? ते हसतच राहिले. पंधरा वर्षं मी ते हसू बघत होतो. त्या दिवशी जवळून बघितलं तर ते घाबरलेलं होतं.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना आपल्याकडे वळवलं, स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि मग ते बोट यंत्राकडे केलं. भावोजींचं हसू गेलं.

"केदवासून?" त्यांनी विचारलं.

"पयल्या दिसापासून," अक्का म्हणाली. "माका वाटला, वाजता म्हणजे जित्ता आसा."

तिचं तरी काय चुकलं? तिने दुसरा कॉम्प्युटर बघितलेला नव्हता. आठ दिवस ती चुलीपाशी बसून ती शिट्टी ऐकत होती आणि यंत्र सुखरूप असल्याबद्दल देवाचे आभार मानत होती. भावोजींनी पेटी उघडली, लांब डिसमिस काढला, टोक कॅबिनेटच्या आतल्या बारक्या स्पीकरवर टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. शिट्टी येत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी मूठ तोंडातून काढली.

"ह्यो आठ दिस माका सांगी होतो," ते म्हणाले. "आनी मी माज्याच हातांक खराब म्हणी होतंय."

दोष अर्थातच ग्रीसचा निघाला. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून त्यांनी रॅमच्या पट्टीला आणि ती बसते त्या खाचेला, दोन्हीकडे, मायेने पिवळं ग्रीस भरलं होतं. मी पट्टी खोडरबराने घासली, खाच जुन्या टूथब्रशने पेट्रोल लावून साफ केली, सगळं सुकू दिलं. या वेळी यंत्र एकदाच, थोडक्यात वाजलं, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. अक्काने हात जोडले. हा कॉम्प्युटर पुढे सहा वर्षं चालला, आणि त्या सहा वर्षांत त्याचं झाकण कुणालाही उघडता आलं नाही, हे ओघाने आलंच.

पण भावोजी त्या अक्षरांकडे बघत नव्हते. त्यांनी मलाच विचारलं, आता वाजला का, किती वेळा वाजला. मग अक्काने मला मागच्या दारी नेऊन सगळं सांगितलं. डिझेल इंजिनांच्या खोलीत तीस वर्षं घालवली, त्यातली शेवटची पंधरा वर्षं कान गेलेलेच; दातांत धरलेल्या डिसमिसमधून हाडांना जाणवेल तेवढंच ऐकू यायचं. ती रोज दुपारी डबा घेऊन जेटीवर जायची आणि ते जेवेपर्यंत उभी राहायची, ते डब्यासाठी नव्हतं. ती त्यांना दिसेल अशा जागी उभी राहून इंजिन कसं बोलतंय ते बोटांनी सांगायची. मी तिला किती वेळा म्हणालो होतो की नवऱ्याला एवढं लाडावून ठेवू नकोस. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

पैज जिंकली होती, पेटी वाचली होती. तरी नारळी पौर्णिमेच्या सकाळी भावोजींनी पेटी उचलली आणि मला म्हणाले, चल. वाटेत म्हणाले, "कंप्युटर बंद पडलो तर कोन मरणा नाय. इंजिन माका असाच कायतरी सांगात, माका कळाचा नाय, आनी दर्यात मानसा आसतत." जेटीवर गर्दी होती, होड्यांना पताका लागल्या होत्या, समुद्राला नारळ द्यायला बायका जरीच्या साड्या नेसून निघाल्या होत्या. थोरला तांडेल, म्हणजे बंदरावरच्या साऱ्या होड्यांत जुना कप्तान, दोर गुंडाळत होता. भावोजींनी त्याच्यापुढे पेटी ठेवली.

"माका आयकाक येणा नाय," ते म्हणाले. "बरीच वर्सां झाली. तुमी दुसरो मिस्त्री बगा."

तांडेलाने दोर गुंडाळायचा थांबवला नाही. त्याने फक्त मान वर केली आणि अख्ख्या जेटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मगे आमी इतकी वर्सां बोंबलान बोलतव, ता काय वाऱ्याक?"

दोनचार जण हसले. कुणाला नवल वाटलेलं दिसलं नाही. पलीकडच्या होडीवरून एकाने हातानेच खूण केली की आमचं इंजिन धूर टाकतंय, लवकर या. तांडेलाने पेटी उचलून स्वतः होडीत ठेवली. भावोजींनी पाठमोरे होऊन धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, आणि ते होडीत उतरले. त्या दिवसापासून अक्का डब्याचं निमित्त न करता जेटीवर जाऊ लागली, आणि तरुण खलाशी आपणहून बोटांनी सांगू लागले.

साऱ्या बंदराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला, आणि मी रोज त्यांच्यासमोर बसत होतो. मग मीही ओरडून बोलायला शिकलो, तेही मालवणीतून, कारण शुद्ध भाषेत ओरडलं की भांडण वाटतं. उरलेली वर्षं आम्ही दोघांनी पडवीत बसून अशा काही गप्पा मारल्या की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून ऐकायची. माझे सल्ले त्यांनी तेव्हाही मानले नाहीत. ऐकून मग मानले नाहीत.

भावोजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून संध्याकाळी तिकडे जातो. पडवीत पाऊल टाकलं की माझा आवाज आपोआप चढतो, आणि अक्का आतून म्हणते, "हळू बोल रे, माका आयकाक येता."